मानसोक आणि शर्यतीच्या दिवसाचं सार

दोलमोरीत कुणाचं औषध संपलं, कुणाची चावी तालुक्याला राहिली, कुणाच्या सुनेला कळा सुरू झाल्या, की पहिली हाक मानसोकला जाते. गावात आता घरटी गाडी आहे. पण गाडी काढायची म्हणजे आधी तिच्यापुढे वाळत घातलेलं शेवाळ उचलावं लागतं, आणि मानसोकला फक्त बूट घालावे लागतात. साठी त्याने कधीच ओलांडली. अजून पळतो. त्याला चालताना कुणी पाहिलं असेल तर ते मयताबरोबर जाताना, आणि तिथेही तो मयताच्या चार पावलं पुढे निघून जातो आणि मग लाजून थांबतो.

असा हा थाक मानसोक. लांब पल्ल्याचा धावपटू म्हणून त्याने काय मिळवलं असं विचाराल, तर ते चार ओळींत संपेल. त्याच्यापायी गावाने काय काय सोसलं ते सांगायला बसले तर मात्र माझा चहा थंड होईल. होऊ दे.

मी त्याला पहिल्यांदा पाहिला तो बसच्या मागच्या काचेतून. तेव्हा बसला बाया कंडक्टर असायच्या. डोक्याला टोपी, कमरेला पैशांची पिशवी, आणि बसच्या पत्र्यावर थाप मारून "चला" म्हणायचा अधिकार. तेवढा अधिकार मला पुढे लग्नातसुद्धा मिळाला नाही. किनाऱ्याच्या रस्त्याने बस तालुक्याला जायची आणि मानसोक शाळेचं दप्तर पाठीला बांधून तिच्या बाजूने पळायचा. आमचा मेंग ड्रायव्हर गाडी दामटायचा, पोराला मागे टाकायचा, की पुढच्या वाडीवर एखादी आजी माशांची परात घेऊन उभी. परात चढवा, आजीला चढवा, राहिलेला आठवडी बाजाराचा हिशेब ऐका. तेवढ्यात पोरगं पुढे.

"चढ रे," मी एकदा दारातून म्हटलं. "पैसे नको देऊस."

"नको ताई. बस फार थांबते."

मेंगला ते लागलं. एके दिवशी त्याने जिद्दीने एका आजीला तिच्या ऑक्टोपसच्या टोपलीसकट रस्त्यावर तशीच उभी ठेवली आणि शाळेच्या फाटकापाशी मानसोकच्या आधी पोचला. ती आजी नेमकी आमच्या डेपोच्या साहेबांची मावशी निघाली. बस जिंकली ती त्या एकाच दिवशी.

शाळेतल्या बांग सरांनी पोरगं हेरलं. बांग सर खेळ शिकवायचे आणि मास्तर कमी पडले की भूगोलही. त्यांनी मानसोकला पहिल्या मोठ्या शर्यतीत उतरवलं. शर्यत दोलमोरीवरूनच जाणारी. अख्खं गाव रस्त्यावर. पोरगं सगळ्यांच्या पुढे, आणि बर्फाच्या कारखान्याच्या वळणावर असं काही घसरलं की रस्त्यावरून थेट मासळीच्या टोपल्यांत गेलं. त्या वळणावर कारखान्याचं पाणी बाराही महिने वाहायचं. म्हाताऱ्यादेखील तिथे पाय जपून टाकायच्या. पण पाण्याकडे कुणी पाहिलंच नाही.

बांग सरांनी त्याला उभा केला, गुडघा पाहिला आणि विचारलं, "सकाळी काय खाल्लंस?"

"सार."

"कसलं सार?"

दोलमोरीत सार म्हणजे कसलं असणार. मियोकचं. समुद्रात दोरांवर आम्ही जे लांब, काळपट हिरवं शेवाळ वाढवतो ना, त्याचं. तिळाच्या तेलात परतायचं आणि पाणी घालून उकळायचं, की जीभ घसरेल असं गुळगुळीत होतं. परीक्षेला निघालेल्या पोराला कुठलीच आई ते देत नाही. पोटात निसरडं गेलं की पोरगं निकालात घसरतं, हे शहरातल्या शिकलेल्या बायाही मानतात आणि वर आम्ही मानत नाही असं सांगतात. पण दोलमोरीतून तोवर परीक्षेला फारसं कुणी बसलंच नव्हतं. शर्यत ही पण परीक्षाच, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

त्याच्या आईच्या, ओकबुनच्या, तर नाहीच. तिने शेवाळाच्या दोरांवर हात सोलून घेऊन एकटीने त्याला वाढवला होता. ती तिथेच, मासळीच्या टोपल्यांपाशी उभी होती. "मीच दिलं," एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून गावाने ठरवलं. शर्यतींच्या मोसमात मानसोकला सार नाही. नुसतं नाही असं नाही, दिसायलाही नको. आता विचार करा, ज्या गावाचं पोट मियोकवर, जिथे अंगणात, छपरावर, शाळेच्या भिंतीवर मियोक वाळतंय, तिथे एका पोराला मियोकपासून वाचवायचं. तो दारात आला की बाया भांड्यावर झाकण ठेवायच्या. बाळंतिणीला तर आमच्याकडे तीन आठवडे हेच सार असतं. शेजारच्या फिलरेला तिन्ही पोरं बरोबर शर्यतीच्या मोसमात झाली. तिन्ही वेळा मानसोक तिच्या घरावरून न जाता समुद्राच्या बाजूने, दगडांवरून उड्या मारत जायचा. फिलरे अजून म्हणते, माझ्या बाळंतपणांनी त्याचे पाय घडवले.

पण यातली खरी अडचण दुसरीच होती. त्याचा वाढदिवस. चांद्र पंचांगाने दुसऱ्या महिन्यातला, म्हणजे दरवर्षी मोसमाच्या ऐन पोटात. आणि वाढदिवसाला हेच सार. ते पोराच्या पोटात जातं, पण मान असतो त्याच्या आईचा. तिने बाळंतपणात खाल्लेलं, पोराने दरवर्षी आठवून खायचं. मानसोकने ते वीस वर्षं खाल्लं नाही. ओकबुनने कधी तक्रार केली नाही. ती मुळात बोलायचीच कमी. तिच्या घरात जाऊन गप्पा मारायच्या म्हणजे दोघींचं आपणच बोलायचं.

पुढे मानसोकला मोठ्या शहरातल्या एका कापडगिरणीने आपल्या संघात घेतलं. तिथे तो मॅरेथॉन पळाला. खरं सांगायचं तर दुसऱ्यांसाठी पळाला. संघात एक जण जिंकायचा असतो आणि बाकीच्यांनी त्याच्यापुढे पळून वारा अंगावर घ्यायचा, वेग बांधून द्यायचा. मानसोक वेग बांधणारा. एकदाच त्याला स्वतःसाठी पळायची मोकळीक मिळाली तेव्हा चौथा आला. टीव्हीवरही एकदाच दिसला, पाण्याच्या टेबलापाशी, तेही मागच्याला पेला देताना. आम्ही थांब्यावरच्या माझ्या दुकानातल्या टीव्हीसमोर बसलो होतो. सरपंच म्हणाले, "शहरात जाऊन वाढपी झाला."

गिरणीने संघ मोडला आणि तो परत आला. तिशी उलटलेली, सडपातळ, खिशात काही नाही, कुणाबद्दल वाईट शब्द नाही. असा माणूस बिनलग्नाचा राहिला तर गावाला झोप येत नाही. बसमधली आमची नोकरी तोवर गेली होती, मी थांब्यावर दुकान थाटलं होतं, आणि थांब्यावर दुकान असलं की कुणाकडे कोण लग्नाचं आहे हे न विचारता कळतं. मी हामगोक जिल्ह्यातली कुमरान सुचवली. वर डोंगरात, लसणाच्या शेतांतली. तिशीची होती, हसली की आधी डोळे हसायचे, आणि बोलायला कुणाला भ्यायची नाही.

तालुक्याच्या चहाघरात दोघांची भेट ठरवली. बस चुकली म्हणून हा पठ्ठ्या सूट-बूट घालून पळत आला. चहाघरात शिरला तेव्हा टाय पाठीवर आणि घाम हनुवटीवर. मी मनात म्हटलं, संपलं.

कुमरानने त्याला नीट पाहून घेतलं आणि रुमाल पुढे केला. "मागे कुणी लागलं होतं का?"

"नाही."

"मग एवढे पळत?"

"पुढे तुम्ही होता ना."

हे तो चावटपणाने म्हणाला असता तर मी कान धरला असता. पण त्याला चावटपणा येत नाही. तो रस्ता सांगावा तसं म्हणाला. लग्न जुळवणाऱ्या बाईला आमच्याकडे कपड्यांचा जोड देतात, मला त्या शरद ऋतूत फिकट जांभळा मिळाला.

लग्न होऊन आलेल्या बाईला आमच्यात नावाने हाक मारत नाहीत, माहेरच्या मुलखावरून मारतात. तेव्हा कुमरान झाली हामगोकवाली. आता गंमत बघा. आमच्या प्रांतात वसंताच्या तोंडावर जिल्ह्याजिल्ह्यांची रिले असते. खांद्यावरचा पट्टा एकाने दुसऱ्याला द्यायचा आणि काही दिवसांत सगळा प्रांत पळून काढायचा. त्यात आमचा जिल्हा कायम शेवटून दुसरा आणि हामगोक कायम पहिल्या दोघांत. डोंगरातली माणसं, चढण म्हणजे त्यांचं अंगण. आमच्याकडे कुणी उगाच मिरवायला लागला की म्हणायचे, "हामगोकचा आहेस का?" आणि तेच नाव आता सरळ गावातल्या सुनेला.

त्या वर्षीच्या रिलेचा शेवटचा टप्पा दोलमोरीवरून जाऊन आमच्या तालुक्याला संपणार होता. तो टप्पा बांग सरांनी मानसोकला दिला. त्याची ती शेवटची मोठी शर्यत, हे त्यालाही ठाऊक होतं आणि सरांनाही. हामगोककडून त्याच टप्प्यावर इनबे नावाचा तरुण. तो कुमरानचा मामेभाऊ. आणि शर्यतीचा दिवस बरोबर मानसोकच्या वाढदिवसाचा.

आता तुम्ही विचाराल, कुमरानला साराचं कुणी सांगितलं नव्हतं का? नव्हतं. वीस वर्षं पाळून पाळून ती गोष्ट गावात इतकी मुरली होती की तिच्याबद्दल बोलायचंच राहून गेलं. ओकबुनला वाटलं, नवऱ्याने सांगितलं असेल. नवऱ्याला वाटलं, आईने. गावाला वाटलं, हे तर सगळ्यांनाच माहीत असतं.

त्या सकाळी काय झालं ते मला कुमरानने सांगितलं, ओकबुनने सांगितलं आणि फिलरेनेही सांगितलं. तिघींचं एकमेकींशी जुळत नाही. जिथे जुळत नाही तिथे जास्त चविष्ट ते मी घेतलंय.

कुमरान उजाडायच्या आधी स्वयंपाकघरात गेली. कोपऱ्यात घमेल्यात मियोक भिजत घातलेलं. चांगलं लांबसडक, न मोडलेलं, बाळंतिणीला आणि वाढदिवसाला वापरतात तसलं. रात्रीतून फुगून घमेलं भरलेलं. तिला वाटलं, सासूबाईंनी न बोलता काम सांगितलं. ओकबुनची ती रीतच होती, कांदे सोलायचे असले तर ती कांदे समोर ठेवून निघून जायची. कुमरानने तिळाचं तेल तापवलं आणि तिच्या डोंगरातल्या पद्धतीने मांस घालून सार केलं. आम्ही शिंपले घालतो. ते असो.

मानसोक जेवायच्या चौरंगाशी येऊन बसला. समोर वाफाळता वाडगा. ओकबुन मुरवलेल्या कोबीचं, किमचीचं भांडं घेऊन आत येत होती, ती उंबऱ्यातच थांबली.

"अहो, थंड होतंय," कुमरान म्हणाली. "वाढदिवस ना आज तुमचा. माझ्या माहेरी वाढदिवसाला सार नाही केलं तर शेजारी येऊन विचारतात, भांडण झालंय का म्हणून."

मानसोकने आईकडे पाहिलं. आईने किमचीकडे पाहिलं. मग त्याने चमचा उचलला. थोडं प्यायला, थांबला, आणि सगळा भात वाडग्यात ओतून नीट कालवून खाल्ला. तळ दिसला तेव्हा वाडगा पुढे केला.

"अजून आहे?"

नेमकी तेव्हाच फिलरे दारात. हातात दाताला चिकटणाऱ्या तांदळाच्या मिठाईची पुडी. चिकट खाल्लं की यश चिकटतं, म्हणून दर शर्यतीला ती आणायची. तिने पाहिलं की मानसोकच्या हनुवटीवर मियोकचा एक हिरवा धागा आहे आणि कुमरान दुसरा वाडगा भरतेय.

"माझा भात लागतोय," असं म्हणून ती गेली. भात तिने अजून चढवलाच नव्हता.

मानसोक पळायच्या जागी पोचायच्या आत गावाला सगळं कळलं होतं. माझ्या दुकानातला फोन वाजला. बांग सर.

"काय ऐकतोय मी?"

"खरं तेच ऐकताय."

"किती?"

"दोन वाडगे. दुसरा त्याने मागून घेतला."

मग सर म्हणाले, "राखीव पोराचा घोटा सुजलाय. याच्याशिवाय कुणी नाही." आणि फोन ठेवला. ठेवताना काहीतरी बोलले, ते भूगोलातलं नव्हतं.

दुकानासमोर बाया जमल्या. "हामगोकवालीने काम केलं," एक म्हणाली. "तो इनबे कोण लागतो तिचा? मामेभाऊ. माहेर जिंकायला नको?" "गोड बोलून दोन वाडगे घातले." मग फिलरेने माझ्याकडे मोर्चा वळवला. "तूच आणलीस ही. वर कपडे पण घेतलेस."

"कपडे परत देते," मी म्हटलं. "तुझ्यात मावले तर घाल."

तशी मी उठले आणि ओकबुनकडे गेले, कारण असली गोष्ट सुनेला दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मी सांगितलेली बरी. कुमरान वाडगा धूत होती. ओकबुन अंगणात पाठमोरी, शेवाळ उलटत होती. मी सगळं सांगितलं. कुमरानने वाडगा पालथा घातला आणि चुलीपाशी खाली बसली.

"मला कुणी सांगितलं का नाही, ताई?"

"सगळ्यांना वाटलं, दुसऱ्याने सांगितलं असेल."

"त्यांनी तरी सांगायचं. दुसरा वाडगा कशाला मागितला?"

"ते तू त्यालाच विचार."

"आणि आज ते हरले तर?"

"तर तू हामगोकवाली."

"ती तर मी आहेच."

"आत्ता ते नुसतं माहेरचं नाव आहे," मी म्हटलं. "मग शिवी होईल. तुझ्या पोरांनाही पुरेल."

ती रडली नाही. मला रडलेली परवडली असती. तिने पदर नसलेल्या बाईने करावं तसं बाहीने तोंड पुसलं आणि म्हणाली, "मी बाहेर येत नाही आज." अंगणात ओकबुनचे हात थांबले होते. पण ती वळली नाही.

इकडे सरपंचांनी गाव कामाला लावलं. सार पोटात गेलंय ते काही काढता येत नाही, पण वळण आपल्या हातात आहे. तेव्हा घरोघरी कोळशाच्या विटा जळायच्या. थंडीत रस्ता गोठला की त्यांची राख टाकायची रीत होती. त्या दिवशी बर्फ नव्हता, ऊन होतं, तरी प्रत्येक घरातून राखेच्या बादल्या निघाल्या. बर्फाच्या कारखान्याचं वळण भाजलेल्या मातीच्या रंगाचं झालं. सरपंच स्वतः त्यावरून चपला घासत चालून बघत होते. "आता हत्ती पण घसरणार नाही," म्हणाले. कारखान्याच्या मालकाने हळूच विचारलं की आत पाण्याचा नळ तासभर बंद ठेवला तर चालेल का. इतक्या वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं.

दुपारच्या सुमाराला सगळं गाव वळणावर. आणि तेवढ्यात वरच्या गल्लीतून ओकबुन येताना दिसली. एका हाताने सुनेचं मनगट धरलेलं. कुमरानची मान खाली, पाऊल मागे, आणि म्हातारी तिला दोर ओढावा तशी ओढत आणतेय. बाया बाजूला झाल्या. मायेने झाल्या असत्या तर जागा दिली म्हणता आलं असतं. यांनी पाठी फिरवल्या.

"आली का भावाला बघायला," फिलरे समुद्राकडे बघत म्हणाली.

ओकबुन मधोमध थांबली. "भिजत मी घातलं होतं."

कुणाला काही कळेना. सरपंच म्हणाले, "काय भिजत?"

"मियोक. रात्री. तिने नुसतं उकळलं."

"पण वहिनी, तुम्हाला तर माहीत होतं. मग कुणासाठी घातलं?"

"माझ्यासाठी."

आयुष्यात ती पहिल्यांदा एवढ्या लोकांत बोलत होती. आवाज बारीक, पण थांबली नाही. "याला जन्म देताना मी मरता मरता वाचले. तो सार खात नाही, बरं. त्याचे पाय त्याचे. पण तो दिवस माझा पण आहे. दरवर्षी या दिवशी तो घरात नसला की मी एक वाडगा करते. दार लावते आणि खाते. आज पोरीने ते घमेलं पाहिलं आणि तिला वाटलं, याच्यासाठीच. यात तिचं काय चुकलं?"

सरपंचांचं डोकं कुठे चाललंय ते त्यांच्या ओठांवरून दिसत होतं. "म्हणजे दरवर्षी," ते म्हणाले, "ऐन मोसमात, त्याच्याच घरात..."

"वाढदिवसाच्या दिवशी," ओकबुन म्हणाली. "मोसम मध्ये येतो त्याला मी काय करू."

"तरीच तो चौथा नंबर," मागून कुणीतरी म्हणालं.

"आणि ते पाण्याचं टेबल."

झालं. सगळं गाव मानसोकच्या आयुष्यातल्या एकेका शर्यतीला म्हातारीचा एकेक वाडगा लावून बघू लागलं, आणि कुमरानकडे कुणी बघेना. ती मात्र सासूकडे बघत होती, तोंड उघडं टाकून. ओकबुनने तिचं मनगट अजून सोडलं नव्हतं.

तेवढ्यात पोलिसांची मोटारसायकल आली. तिच्यामागे पहिला कुणीतरी उत्तरेचा. मग इनबे, हामगोकच्या हिरव्या बनियनमध्ये, हरणासारखा. मग अजून दोघे. मग आमचा मानसोक, पाचवा. पट्टा घेतला तेव्हा आठवा होता हे आम्हाला नंतर कळलं. त्याची पळायची ढब तीच, खांदे किंचित वर, जणू मागच्याला लागणाऱ्या वाऱ्याची माफी मागतोय.

वळणापाशी त्याला राख दिसली. मग राखेच्या कडेने उभं अख्खं गाव. मग आई, आणि आईच्या हातात बायकोचा हात. चेहऱ्यावरून त्याला सगळं समजलं असावं. तो वेग कमी न करता कुमरानकडे बघून ओरडला,

"उरलंय का गं? सगळं संपवू नका, मी आलोच."

सुनेच्या आधी ओकबुन ओरडली, "उरलंय. तू पळ आधी."

आणि गाव हसलं. फिलरेसुद्धा. हसू दाबायला तिने जी मिठाई तोंडात घातली ती दातांना अशी चिकटली की पुढचा तासभर तिच्याकडून कुणाला एक शब्द ऐकावा लागला नाही. मानसोक राखेतून गेला. मागे एवढा धुरळा उठला की सहावा धावपटू त्यात शिरला तो खोकतच बाहेर आला. त्याच्या जिल्ह्याचं कुणी तक्रार करेल म्हणून सरपंच लगेच आकाशाकडे बघू लागले.

मानसोक तालुक्याला तिसरा पोचला. पुढच्या दोघांना त्याने शेवटच्या चढणीवर टाकलं, पण इनबे सापडला नाही. हाकेच्या अंतरावर राहिला. जिल्हा सगळा मिळून सहावा आला. आमच्याकडे सहाव्या नंबरला कुणी मिरवणूक काढत नाही, पण बांग सर बसच्या टपावर बसून आले.

माझ्या दुकानासमोर वाद सुरू झाला तो आजतागायत मिटलेला नाही. एक पक्ष म्हणतो, एकच वाडगा खाल्ला असता तर इनबेला गाठला असता. दुसरा म्हणतो, दोन खाल्ले म्हणून तिसरा आला, तीन खाल्ले असते तर पहिला आला असता. सरपंचांनी मधला मार्ग काढला. बंदी आहे ती साध्या साराला. वाढदिवसाचं सार आईचं असतं, ते पोराला लागत नाही. हा नियम त्यांनी अशा आवाजात सांगितला की जणू त्यांच्या आजोबांपासून चालत आलाय.

पण खरा निकाल दुसऱ्या दिवशी लागला. कुमरान दुकानात तेल घ्यायला आली तशी फिलरे सगळ्यांसमोर म्हणाली, "काय गं हामगोकवाली, मामेभाऊ एवढा पळतो, त्याला काय खायला घालता? आम्हाला पण जरा सांग की." पाठीमागे बोलायचे ते तोंडावर बोलायला लागले, तेव्हा मी समजले की ही आता गावची झाली. कुमरानही म्हणाली, "मिठाई देतो काकी. म्हणजे तोंड बंद राहतं."

त्या संध्याकाळचं तेवढं राहिलं. मानसोक बसने आला, खिडकीला डोकं टेकून झोपलेला. आयुष्यात तो आमच्या रस्त्यावर बसने आलेला मी एकदाच पाहिला. घरी कुमरानने उरलेलं सार गरम केलं आणि विचारलं, "दुसरा वाडगा कशाला मागितलात?"

"पहिला तू दिलास म्हणून खाल्ला," तो म्हणाला. "दुसरा चांगला झाला होता म्हणून."

"शिंपले घातले असते तर अजून चांगला झाला असता," ओकबुन म्हणाली. आणि तिने आपला वाडगा उचलून चौरंगावर, मुलाच्या वाडग्याशेजारी ठेवला. दार उघडं होतं. म्हणून तर मला दिसलं.

ओकबुन जाऊन आता बरीच वर्षं झाली. दर वाढदिवसाला मानसोक झाकणाचा डबा घेऊन पळत माझ्याकडे येतो. थेंबभर सांडत नाही. मी विचारते, "मांस की शिंपले?" तो म्हणतो, "अर्धं अर्धं." कुमरानने ते कधी सुरू केलं ते मला सांगितलेलं नाही, विचारायचं मीही टाळलं.

बर्फाचा कारखाना बंद पडला, वळण कोरडं ठणठणीत असतं. गावात कोळशाच्या विटा कुणी जाळत नाही. तरी वाढदिवसाच्या दिवशी सकाळी वळणावर कुणीतरी बादलीभर राख टाकून गेलेलं असतं. फिलरेच्या धाकट्याची तालुक्याला खानावळ आहे, तिथे अजून विटांवर मांस भाजतात. मी तिला एकदा सरळ विचारलं.

"माझा भात लागतोय," असं म्हणून ती उठून गेली.